लॅमर्ट क्नोलची बाहेरची बाजू

लॅमर्ट क्नोल मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुणी म्हणायला नको की हिस्केनं मनात अढी धरून लिहिलंय. अढी आहेच, आणि चांगली मुरलेली आहे. उत्रेख्तच्या आमच्या प्रयोगशाळेत त्याचं टेबल माझ्या टेबलाशेजारी. इतकी वर्षं रोज सकाळी त्याच्या नाकपुड्या बघून दिवस सुरू करायचा म्हणजे अढी नाही धरणार तर काय आरती ओवाळणार?

नाकपुड्या अशासाठी, की हा माणूस मान मागे टाकून बोलतो. उंची देवानं आधीच भरपूर दिलीय, वर ही मान. आणि तोंडात एकच शब्द, ‘साहजिकच’. पाऊस आला, साहजिकच. प्रयोग फसला, साहजिकच. कुणाचं लग्न मोडलं, तेही याला आधीपासून ठाऊक. उभ्या जन्मात ‘म्हणजे काय?’ असं या माणसानं कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. विचारलं की आपल्याला माहीत नव्हतं हे समोरच्याला कळतं, आणि ते कळण्यापेक्षा मेलेलं बरं, असा सगळा कारभार.

आमच्या प्रयोगशाळेतल्या मार्खेच्या वाढदिवसाचं ऐका. आमर्सफोर्टला तिच्या घरी बोलावलं होतं. लॅमर्ट एक गल्ली आधी वळला आणि भलत्याच घरात शिरला. त्या घरातही नेमका वाढदिवस! गोल मांडलेल्या खुर्च्या, मधे केक, सगळं तसंच. आता आमच्याकडे वाढदिवसाला आत शिरलं की पाहुण्यानं गोलात फिरून एकूणएक माणसाशी हात मिळवायचा आणि ‘अभिनंदन, अभिनंदन’ म्हणत जायचं. ज्याचा वाढदिवस त्याच्या मावशीचंही अभिनंदन, शेजारणीचंही. लॅमर्टनं पूर्ण फेरी मारली. मार्खे कुठं दिसेना, तरी दारात जाऊन ‘मार्खे इथंच राहते ना?’ एवढं विचारवेना. वाढदिवस निघाला एका म्हाताऱ्या आजोबांचा. यानं त्यांना बाईमाणसाच्या हातांना लावायचं गुलाबाचं क्रीम भेट दिलं, केक खाल्ला, कॉफी प्याली, कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत ऐकली आणि घरी गेला. घरच्यांना वाटलं, असेल कुणाचा तरी जावई.

दुसऱ्या दिवशी मार्खे म्हणाली, “आला नाहीस रे काल?”

“आलो होतो की,” हा म्हणाला. “गर्दीत तूच दिसली नाहीस.”

त्या आजोबांची नात आमच्याच कँटीनमध्ये आहे, म्हणून हे सगळं आम्हाला कळलं. नाहीतर हा माणूस गुलाबी क्रीमचं गुपित घेऊनच मेला असता.

हसण्यावारी न्यायच्या गोष्टी हसण्यावारी न्याव्यात. पण हाच खेळ त्यानं फ्राउके ओटेमा या रुग्णबाईच्या आतड्याशी केला, तिथं माझं हसणं संपलं.

आमचं काम थोडक्यात सांगते. माणसाच्या आतड्याच्या अस्तराचा चिमूटभर तुकडा घ्यायचा, त्यातल्या मूळ पेशी जेलच्या थेंबात ठेवायच्या आणि नीट खाऊपिऊ घालायचं. काही दिवसांत त्यांचे पोकळ गोळे तयार होतात. ऑर्गनॉइड हे त्यांचं शाळेतलं नाव, आम्ही नुसते गोळे म्हणतो. मोहरीहून बारीक असतात, पण प्रत्येक गोळा म्हणजे त्या माणसाचं आतडंच. गोळ्याच्या आतली पोकळी म्हणजे अन्न जातं ती बाजू. गोळ्याच्या बाहेरचं अंग म्हणजे रक्ताकडची बाजू. आपल्या पोटातले जिवाणू राहतात पोकळीत, अन्नाच्या बाजूला. म्हणून गोळ्यावर जिवाणू तपासायचे तर केसासारख्या काचेच्या सुईनं एकेका गोळ्याच्या पोटात टोचून सोडावे लागतात. मान मोडते, डोळे फुटायची पाळी येते, सुया तुटतात. लॅमर्टला या सुईचा भयंकर कंटाळा.

फ्राउके बस चालवायची. स्टेशनावरून विद्यापीठाकडे येणारी बस. रुंद खांद्यांची, मोठ्या आवाजाची बाई. तिच्या मोठ्या आतड्याला जखमा व्हायच्या, रक्त पडायचं, आणि कळ आली की आलीच. घरी बसणाऱ्याला हे दुखणं परवडेल एक वेळ, बस चालवणाऱ्या बाईनं काय करायचं? पन्नास माणसं मागे बसवून संडासला पळायचं? तिच्या रस्त्यावरचा फुलवाला, मशिदीतला रखवालदार, गॅरेजवाला, सगळे तिला नावानं ओळखायचे. “यांच्या घरच्या बायकांपेक्षा त्यांचे संडास मला जास्त ठाऊक आहेत,” म्हणायची.

औषधं करून थकल्यावर तिच्या डॉक्टरीणबाई, विलेमाइन, यांनी स्पष्ट सांगितलं की मोठं आतडं काढून टाकावं लागेल आणि पोटावर पिशवी लावावी लागेल, जन्मभर. त्याआधी एकच आशा उरली होती. काही जिवाणूंचं मिश्रण रुग्णांना देऊन बघायची एक चाचणी सुरू होणार होती. पण काही माणसांच्या आतड्याला ते मिश्रण सोसत नाही, उलट जास्त बिघडतं. म्हणून आधी प्रत्येकाच्या स्वतःच्या गोळ्यांवर तपासायचं. गोळ्यांना सोसलं तर चाचणीत घ्यायचं, नाहीतर ऑपरेशन. म्हणजे फ्राउकेचं आतडं राहायचं की जायचं, हे आमच्या टेबलावर ठरणार होतं. काम लॅमर्टकडे गेलं.

तुकडा देऊन झाल्यावर एकदा ती गोळे बघायला आली. मी सूक्ष्मदर्शक लावून दिला.

“अगं बाई! ही मी?”

“तुझं आतडं. ताजं ताजं.”

“दिसायला तर किती गुणी गं! मग माझ्या पोटात का असा धिंगाणा घालतंय?”

“तेच तर शोधायचंय,” मी म्हटलं.

ती लॅमर्टकडे वळली. “डॉक्टर, जपून हं. सगळी भिस्त तुमच्यावर.”

“साहजिकच,” लॅमर्ट म्हणाला. मान मागेच होती.

पुढं काय झालं ते बघा. विलेमाइननं मिश्रण पाठवलं आणि सोबत कळवलं की जिवाणू ‘बाहेरच्या बाजूला’ सोडावेत. डॉक्टर लोकांच्या हिशेबी आतड्याची पोकळी ही शरीराच्या बाहेरच असते. तोंडापासून खालपर्यंत एक लांबलचक बोगदा आहे, त्यात जे जातं ते शरीरात शिरलेलंच नसतं, असं ते मानतात. तेव्हा तिची बाहेरची बाजू म्हणजे पोकळी, गोळ्याचं पोट. आमच्या टेबलावर बाहेरची बाजू म्हणजे सरळ गोळ्याच्या बाहेर. आमच्या धंद्यातला हा जुना घोळ आहे. नवी पोरंसुद्धा पहिल्या आठवड्यात विचारतात, ‘बाहेर म्हणजे कुणाच्या बाहेर?’ आणि मग कामाला लागतात.

लॅमर्ट विचारणार? उलट त्याला आनंदाचं भरतं आलं असणार. बाहेर सोडायचे म्हणजे सुई नको, मान मोडायला नको! त्यानं नळीनं जिवाणू गोळ्यांभोवती ओतले आणि घरी गेला. रक्ताच्या बाजूनं जिवाणूंची फौज चढली तर धडधाकट माणसाचं आतडंही टिकणार नाही, फ्राउकेचं आजारी बिचारं काय टिकतंय. गोळे सुरकुतले, काळवंडले, मेले. यानं निष्कर्ष काढला की मिश्रण या रुग्णाला घातक आहे. विलेमाइनला तसं कळवलं, तिनं फ्राउकेला सांगितलं आणि ऑपरेशनची तारीख पडली.

मी तेव्हा आईकडे फ्रिसलांडला गेले होते. परत आले तर या शहाण्यानं मेलेल्या गोळ्यांचं रंगीत चित्र मोठं छापून कॉफीच्या यंत्राशेजारी लावलेलं. मी कप हातात घेऊन बघत राहिले. जिवाणू लाल रंगवलेले. सगळा लाल रंग गोळ्याच्या बाहेर, पोकळी स्वच्छ. मी कप घेऊनच त्याच्या टेबलाशी गेले.

“लॅमर्ट, हे जिवाणू बाहेर कसे?”

“बाहेरच्या बाजूलाच सोडायचे होते. तसं कळवलं होतं.”

“कुणाच्या बाहेर? गोळ्याच्या की बाईच्या?”

त्याच्या मानेवरून लाली चढत कानापर्यंत गेली, तेव्हा मला कळलं की त्यालाही कळलंय.

“अरे, विलेमाइनला पोकळी म्हणायचं होतं! तू रक्ताच्या बाजूनं मारलेस ते गोळे.”

“तसा अर्थ निघू शकतो,” तो म्हणाला. “साहजिकच, मी पुन्हा करून बघणार होतो. सावकाश. गुरुवारच्या बैठकीत विषय मांडू.”

“गुरुवारी? मंगळवारी त्या बाईचं पोट फाडतायत!”

“हिस्के, आवाज खाली. आपण आधी आपसात ठरवू, मग बाहेर सांगू.”

मी कप तिथंच आपटला आणि त्याच्या समोर विलेमाइनला फोन लावला. ती असली भडकली की फोन कानापासून लांब धरावा लागला.

“अगं, पोकळी ही बाहेरची बाजू असते हे त्याला कळू नये? सुईच्या नेढ्यातून हवा जाते, ती काय सुईच्या आत असते? नव्हतं कळलं तर विचारायला जीभ झडली होती का त्याची?”

“त्यालाच विचार,” म्हणून मी फोन लॅमर्टपुढे धरला. त्यानं घड्याळ दाखवलं, ओठांनीच ‘बैठक आहे’ म्हणाला आणि पळाला.

ऑपरेशन पुढे ढकललं. प्रयोग पुन्हा केला, या वेळी सुईनं, गोळ्यांच्या पोटात. तो टोचत होता आणि मी शेजारी स्टूल टाकून बसले होते, पोलिसासारखी. गोळे जिवंत राहिले. नुसते राहिले नाहीत, अस्तर घट्ट झालं, फुगून कसे टुमटुमीत दिसायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली. फ्राउकेला चाचणीत घेतलं. उन्हाळ्यापर्यंत तिचं रक्त थांबलं आणि ती पुन्हा बसवर रुजू झाली. मला थांब्यावर बघितलं की हॉर्न वाजवायची.

इथं एखाद्या भल्या माणसानं तिच्यापुढे जाऊन ‘बाई, माझ्या हातून चुकलं’ म्हटलं असतं आणि हलका झाला असता. आमचा लॅमर्ट भला नाही, हुशार आहे. त्यानं आधीचे मेलेले गोळे आणि नंतरचे जगलेले गोळे शेजारी शेजारी ठेवले आणि त्यावर निबंध लिहिला, की एकच जिवाणू एका बाजूनं मारक आणि दुसऱ्या बाजूनं तारक कसे ठरतात, हे आम्ही ‘मुद्दाम’ दोन्ही बाजूंनी तपासून दाखवलं आहे. मुद्दाम! मी विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, “हिस्के, आकडे खरे आहेत ना? मग हेतू कुठं मोजता येतो?” असली गुळमुळीत माणसं वर बसलेली असल्यावर खाली लॅमर्ट नाही माजणार तर काय?

निबंधाला बक्षीस मिळालं. समारंभाला फ्राउकेला खास आमंत्रण होतं, ज्यांच्या आतड्यामुळे हे शक्य झालं त्या बाई म्हणून. ती ड्युटीवरून थेट गणवेशातच आली आणि माझ्याशेजारी बसली. लॅमर्ट मंचावर उभा राहिला, मान मागे, आणि म्हणाला, “आम्ही प्रथम जिवाणू मुद्दाम रक्ताच्या बाजूनं सोडले.”

फ्राउके माझ्या कानाशी लागली. “हे तेच का, ज्याच्यावरनं मला तारीख दिली होती?”

“हो.”

“आणि ते मुद्दाम होतं?”

“नाही. चुकलं होतं त्याचं. विचारलं नाही त्यानं.”

तिला चूक झाली होती एवढंच माहीत होतं. कुणाची, कशी, ते विलेमाइननं सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे वळली. मग हळू आवाजात म्हणाली, “नर्सनं मला सरावाला पिशवी दिली होती. पाणी भरून पोटावर चिकटवायची, म्हणजे सवय होते. दोन दिवस ती लावून मी बस चालवली, हिस्के. वळणावर ती हलायची. मी रडत गिअर टाकायचे आणि लोकांना वाटायचं सर्दी झालीय.”

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर ती उठून उभी राहिली आणि बस थांबवताना वापरायच्या त्या आवाजात म्हणाली, “डॉक्टर, माझ्या ऑपरेशनची तारीख पडली होती, तीही मुद्दाम होती का?”

लॅमर्टनं पाण्याचा घोट घेतला. “हा चांगला मुद्दा आहे,” तो म्हणाला. “खाली खाण्यापिण्याच्या वेळी आपण त्यावर निवांत बोलू.”

खाली तो तिच्याकडे फिरकला नाही. तळलेल्या मटणगोळ्यांची बशी घेऊन दुसऱ्या टोकाला उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्राउकेनं फोन करून कळवलं की तिच्या पेशी वापरायची संमती मागे घेतली. दात्याला तो हक्क आहे. कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही, त्याच्या पेशी नष्ट करायच्या. लॅमर्टचं धाबं दणाणलं. बक्षीस जाहीर झालं तेव्हाच त्याच्या जोरावर त्यानं मोठा निबंध एका नामांकित नियतकालिकाला धाडला होता आणि परीक्षकांनी त्याच गोळ्यांवर आणखी एक प्रयोग मागितला होता. नवा तुकडा घेऊन भागणार नव्हतं. बाई बरी झाली होती, ते आजारपणातलं आतडं आता जगात फक्त आमच्याच कपाटात होतं. खरं सांगते, मलाही ते गोळे जाताना बघवणार नव्हतं. पुढच्या कितीतरी रुग्णांना त्यांचा उपयोग झाला असता. मी फ्राउकेला तसं म्हणालेसुद्धा.

“माहीत आहे गं,” ती म्हणाली. “म्हणूनच रात्रभर झोप लागली नाही. पण त्या माणसाच्या तोंडी मी आता ‘मुद्दाम’ होऊन बसलेय. ते मला सोसत नाही.”

लॅमर्ट तिच्या बसमध्ये जाऊन बसला. स्टेशनापासून शेवटच्या थांब्यापर्यंत तिच्या मागे दांडा धरून उभा राहिला आणि विज्ञान, मानवजात, पुढच्या पिढ्या असं काय काय बडबडला. तिनं एकदाच डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर लिहिलेलं होतं, चालकाशी बोलू नये.

गोठवून ठेवलेल्या कुप्या आधी गेल्या. शेवटी जिवंत गोळ्यांची एक ताटली उरली. त्या एका ताटलीतून पुन्हा सगळं वाढवता आलं असतं. फ्राउकेला स्वतः हजर राहायचं होतं. ती आली, सूक्ष्मदर्शकात डोकावली आणि बराच वेळ डोळा काढला नाही. लॅमर्ट ब्लीचची बाटली हातात घेऊन उभा होता. ज्याचा प्रयोग त्यानंच नष्ट करायचा, असा आमच्याकडे शिरस्ता आहे.

“छान वाढवलेत हो,” फ्राउके म्हणाली. आवाज मऊ होता. मग ती त्याच्याकडे वळली. “डॉक्टर, एक वाक्य बोला. मंचावरून नको, पेपरात नको. इथंच, मला. तेवढं बोलाल तर मी संमती परत देते, हे राहू दे तुमच्याकडे.”

कुठलं वाक्य, ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, बोल रे बाबा, बोलून टाक. दोनच शब्द आहेत. तुझा निबंध वाचेल, गोळे वाचतील, उद्या मी स्वतः तुला कॉफी आणून देईन.

त्याच्या मानेवरून लाली चढली. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. ताटलीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. कपाळावर घाम आला होता.

“त्या वेळची परिस्थिती,” लॅमर्ट म्हणाला, “बरीच गुंतागुंतीची होती.”

फ्राउकेनं आपली टोपी उचलली.

“ओता,” ती म्हणाली.